लेखनाची पहिली आठवण आणि आत्मकथनाचे रूप : चार मराठी स्त्री-आत्मकथनांच्या संदर्भात

प्रस्तावना

लेखक कसा घडतो, या प्रश्नाचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. एक विचार प्रतिभेचा. त्यानुसार लेखक उपजत असतो आणि परिस्थिती केवळ निमित्त ठरते. दुसरा विचार सामाजिक परिस्थितीचा. त्यानुसार लेखकाची जात, वर्ग, लिंग आणि काळ यांतून त्याच्या साहित्याची उकल होते. या दोन्ही विचारांत एक साधी गोष्ट निसटते. लिहिणे ही एक शिकावी लागणारी कृती आहे. ती कोणीतरी शिकवते, कोणाच्या तरी नजरेखाली शिकावी लागते आणि त्या शिकण्याची आठवण माणसाजवळ राहते. पाटीवर पहिले अक्षर गिरवताना समोर कोण होते आणि ते पाहून कोणाच्या कपाळाला आठी पडली, हे लिहिणारा सहसा विसरत नाही.

पूर्वी मुलाच्या अक्षरओळखीचा घरात सोहळा होत असे आणि कोणत्याही कार्याच्या आरंभाला मराठीत आजही ‘श्रीगणेशा’ म्हणतात. मात्र हा सोहळा सर्वांच्या वाट्याला येत नव्हता. स्त्रियांना आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला अक्षर मिळाले ते सोहळ्याने नव्हे. ते कधी कोणाच्या इच्छेने, कधी कोणाच्या विरोधात, तर कधी चोरून मिळाले. म्हणूनच लेखनाच्या प्रारंभिक स्मृतींचा अभ्यास करण्यासाठी स्त्रियांची आत्मकथने हे महत्त्वाचे साधन ठरते.

प्रस्तुत निबंधात रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910), लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग 1934), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (1986) आणि उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (2003) या चार ग्रंथांचा विचार केला आहे. अक्षराशी आलेला पहिला संबंध केवळ आशयाचा एक प्रसंग म्हणून उरत नाही. आपण कोणासाठी लिहितो आणि काय लिहायचे नाही, याचा निर्णयही तो काही अंशी करून टाकतो, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

1. दिलेले अक्षर : रमाबाई रानडे

रमाबाईंचा विवाह 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. त्यांना लिहावाचायला शिकवण्याचे काम रानडे यांनी स्वतः हाती घेतले. शिकलेली स्त्री विधवा होते, अशी समजूत ज्या काळात घराघरांत होती, त्या काळातील ही घटना आहे. सासरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना हे शिक्षण मान्य नव्हते. त्यांची बोलणी रमाबाईंनी सोसली.

येथे अक्षर ही पतीने दिलेली वस्तू आहे. शिकणे हे एकाच वेळी आज्ञापालनही आहे आणि घरातील रीतीचा भंगही आहे. पतीची आज्ञा पाळली की घरातील स्त्रिया दुखावतात आणि त्यांचे ऐकले की पती दुखावतो. या कोंडीत सापडलेल्या बालवधूची आठवण रमाबाईंनी संयमाने सांगितली आहे. हा संयम हाच त्यांच्या निवेदनाचा स्थायीभाव होतो. 1901 साली रानडे यांचे निधन झाले आणि त्यानंतर हे पुस्तक लिहिले गेले. ज्याने अक्षर दिले त्याचे ऋण त्याच अक्षराने फेडावे, ही भावना संपूर्ण ग्रंथातून जाणवते. त्यामुळे हे पुस्तक दीर्घकाळ रानडे यांच्या चरित्राचे साधन म्हणूनच वाचले गेले.

परंतु एवढ्यावर थांबणे योग्य होणार नाही. पतीचे चरित्र सांगता सांगता रमाबाई घराच्या आतल्या बाजूचा इतिहास नोंदवून जातात. सुधारणेच्या चळवळीचा भार व्यासपीठावर पुरुषांनी आणि घरात त्यांच्या पत्नींनी कसा वाहिला, हे अन्य साधनांतून क्वचितच कळते. ज्याच्यासाठी लिहिले तो वाचक आता हयात नाही, ही जाणीवही महत्त्वाची आहे. विद्यार्थिनी म्हणून गुरूला जे सांगता आले नाही, ते लेखिका म्हणून त्यांना नोंदवता आले.

2. खंडित अक्षर : लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा. त्यांचे आजोबा 1857 च्या धामधुमीत फासावर गेले. त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांनी सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की घरातील प्रत्येक वस्तू धुतली जाऊ लागली. ‘स्मृतिचित्रे’चा आरंभ या घराच्या वर्णनाने होतो, हे लक्षणीय आहे. एका थोर कवीची पत्नी आपल्या आठवणी सांगताना प्रथम पुस्तक, पाटी किंवा कविता यांच्याकडे वळत नाही. ती पाणी, विटाळ आणि भीती यांच्याकडे वळते.

विवाहानंतर नारायण वामन टिळक यांनी त्यांना लिहावाचायला शिकवले. मात्र हे शिक्षण सलग झाले नाही. टिळकांचा स्वभाव लहरी, पाय घरात न ठरणारा. ते असतील तेव्हा धडा आणि नसतील तेव्हा वाट पाहणे, असे या शिक्षणाचे स्वरूप होते. रमाबाईंना गुरुगृहाची शिस्त लाभली. लक्ष्मीबाईंना ती लाभली नाही, आणि मराठी गद्याच्या दृष्टीने ही उणीवच इष्टापत्ती ठरली. त्यांच्या वाक्यावर पुस्तकी मराठीचा संस्कार फारसा झाला नाही. माजघरात बसून एखादी हकीगत सांगावी तसे त्यांचे वाक्य चालते. ते लांबत नाही, अडत नाही आणि दुःखाच्या ऐन भरात थट्टेकडे वळू शकते. स्वतःचे अज्ञान सांगताना त्या ओशाळत नाहीत आणि टिळकांचे विक्षिप्तपण सांगताना कडवट होत नाहीत. अक्षर देणाऱ्याचे ऋण येथेही आहे, पण त्या ऋणाचे दडपण नाही. गुरूच्या चुका शिष्येने हसत सांगाव्यात, असे हे निवेदन आहे.

1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. या विरहाच्या काळात लक्ष्मीबाई कवितेकडे वळल्या. पती समोर असताना शिकलेले अक्षर पती दूर गेल्यावर स्वतःचे झाले, असे येथे म्हणता येईल. पुढे टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्णत्वास नेले. पहिला धडा अर्धवट टाकून उठणाऱ्या गुरूचे काव्य त्या शिष्येने पुरे करावे, यातील संगती केवळ योगायोगाची मानता येत नाही. धुण्या-शिवण्याच्या भयाने भरलेल्या घरातून निघालेली ही लेखिका पुढे जातिभेद हा मनुष्यनिर्मित आहे या निष्कर्षाला पोहोचते. तो निष्कर्षही त्या प्रबंधाच्या भाषेत मांडत नाहीत. स्वतःच्या मनात झालेला बदल त्या सांगतात.

3. लपवलेले अक्षर : बेबी कांबळे

बेबी कांबळे यांचा जन्म 1929 सालचा. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. फलटण येथील शाळेत सवर्ण मुलींकडून महार मुलींना मिळणारी वागणूक आणि डॉ. आंबेडकरांच्या चळवळीमुळे या मुलींच्या अंगी आलेला ताठा यांचे चित्रण ‘जिणं आमुचं’मध्ये आहे. विवाहानंतर त्यांनी छोटे किराणा दुकान चालवले. माल बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील कागद त्या वाचत. पुढे त्या लिहू लागल्या आणि ते लिखाण सुमारे वीस वर्षे त्यांनी घरच्यांपासून लपवून ठेवले.

रद्दीच्या वाचनाचा आणि लपवलेल्या वह्यांचा हा तपशील मूळ आत्मकथनाचा विषय नाही. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘द प्रिझन्स वुई ब्रोक’ 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यातील मुलाखतीत या गोष्टी येतात. पतीकडून झालेली मारहाणही त्या तेथेच सांगतात. आत्मकथनात मात्र ‘मी’ अत्यंत विरळ आहे आणि सर्वत्र ‘आम्ही’ आहे. वीरगावच्या महारवाड्यातील चालीरीती, अंगात येणे, भूक, सुनांचे हाल आणि बाबासाहेबांच्या शब्दाने झालेली जागृती हा या ग्रंथाचा विषय आहे.

हा समूहस्वर चळवळीच्या प्रभावाने आला, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. जिचे लेखन घरात सापडणेच धोक्याचे होते, तिच्यासाठी ‘आम्ही’ हा निवाराही होता. ‘आम्ही’ लिहिताना ‘मी’ सुरक्षित राहतो. स्वतःच्या घरातील दुःख समाजातील सर्व सुनांचे दुःख म्हणून सांगता येते. ग्रंथातील सुनांच्या छळाची वर्णने इतकी जिवंत का, याचे उत्तर त्या मुलाखतीनंतर मिळते. लेखनाची आठवण ग्रंथात नसणे हीदेखील अशा प्रकारे ग्रंथाचे रूप ठरवणारी बाब आहे.

4. विणलेले अक्षर : उर्मिला पवार

उर्मिला पवार यांचा जन्म 1945 सालचा, रत्नागिरी परिसरातील. वडील शिक्षक होते. मुलांनी शिकावे हा त्यांचा आग्रह होता, पण लेखिकेच्या लहानपणीच त्यांचे निधन झाले. त्यानंतर आईने बांबूची आयदाने, म्हणजे सुपे, टोपल्या विणून संसार चालवला. शाळेत शेण काढायला सांगणारे आणि नकार दिल्यावर हात उगारणारे शिक्षक या आत्मकथनात आहेत. त्या शिक्षकांना जाब विचारणारी आईही आहे.

पूर्वीच्या दोन आत्मकथनांत अक्षराचा दाता पुरुष होता. येथे अक्षरामागे वडिलांची इच्छा असली, तरी ते टिकवून धरणारी आई आहे आणि ती स्वतः लिहीत नाही, ती विणते. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचा सांधा लेखिकेने स्वतःच जोडला आहे आणि ग्रंथाचे शीर्षकही त्यातूनच आले आहे. या सांध्यामुळे लेखन ही प्रतिभेची देणगी न राहता हाताचे काम होते. बांबू चिरताना बोटे कापतात. विणकामात एक पट्टी वर येते आणि दुसरी खाली जाते. ‘आयदान’चे निवेदनही असेच पुढे-मागे जाते. त्यात गावातील स्त्रियांची बाजाराची वाट, बालपण, नोकरी, एम. ए. चे शिक्षण, पतीचा विरोध, स्त्री-चळवळ आणि दलित चळवळ यांचे धागे एकमेकांखालून-वरून जातात. कालक्रमाची शिस्त नसल्याचा आक्षेप या ग्रंथावर घेता येईल. परंतु त्याची घडण विणकामाची आहे हे ध्यानात घेतले, तर तो आक्षेप गैरलागू ठरतो.

5. एक आक्षेप

या विवेचनावर एक रास्त आक्षेप संभवतो. आत्मकथन प्रौढ वयात लिहिले जाते. रमाबाईंच्या अक्षरओळखीनंतर पस्तीसहून अधिक वर्षांनी त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागले तेव्हा लक्ष्मीबाईंनी साठी ओलांडली होती. मग आठवण लेखकाला घडवते, की लेखक आपल्या सोयीने आठवण घडवतो?

या प्रश्नाचे एकच एक उत्तर देणे कठीण आहे. स्मृती ही निवड असते आणि निवड करणारे मन प्रौढ असते, हे मान्य करावे लागते. तथापि, निवड पूर्णतः मोकळी नसते. रमाबाईंना पतीवाचून अक्षराची आठवण सांगता येणार नाही आणि उर्मिला पवार यांना आईच्या हातांवाचून ती सांगता येणार नाही. म्हणून प्रारंभिक स्मृती हे लेखक घडण्याचे कारण मानण्यापेक्षा, लेखनाविषयीच्या लेखकाच्या कल्पनेचा तो सर्वांत जुना पुरावा मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

समारोप

या चार ग्रंथांची शीर्षके शेजारी ठेवून पाहिली, तर उपरोक्त विवेचनाचा सारांश त्यांतच मिळतो. रमाबाईंच्या ‘आमच्या’मध्ये पती आणि पत्नी आहेत. बेबी कांबळे यांच्या ‘आमुचं’मध्ये संपूर्ण समाज आहे. लक्ष्मीबाईंच्या शीर्षकात ‘माझे’ही नाही आणि ‘आमचे’ही नाही, केवळ चित्रे आहेत. उर्मिला पवार यांच्या शीर्षकात एक वस्तू आहे, हातांनी घडवलेली. दिलेल्या, खंडित, लपवलेल्या आणि विणलेल्या अक्षरांची ही चार रूपे आहेत.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने या निरीक्षणाला महत्त्व आहे. अभ्यासक्रमात ही आत्मकथने बहुधा ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून शिकवली जातात आणि प्रश्नपत्रिकेत त्यांतील दुःखाचे स्वरूप विचारले जाते. त्यांच्या वाक्यरचनेचा, निवेदकाच्या निवडीचा आणि न सांगितलेल्या गोष्टींचा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. परिणामी या लेखिकांनी काय भोगले हे विद्यार्थ्यांना कळते, पण त्यांनी काय रचले हे कळत नाही. आज वर्गात बसलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरात अक्षर पहिल्यांदाच त्यांच्या रूपाने आलेले असते. त्यांनाही आपल्या पहिल्या पाटीची आठवण आहे. ती आठवण केवळ सहानुभूतीचा विषय नाही, तिच्यातून एक गद्य उभे राहू शकते. या चार ग्रंथांनी ते सिद्ध केले आहे. त्या विद्यार्थ्यांपर्यंत हे पोहोचवणे हे मराठीच्या अध्यापकाचे काम आहे.