हक्स्ले, आर्नल्ड आणि शाळेतील विज्ञान

शालेय शिक्षणात विज्ञानाचे स्थान कोणते असावे, या प्रश्नावर इंग्रजीत जे पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यापैकी दोन व्याख्याने आजही वाचण्याजोगी आहेत. पहिले थॉमस हक्स्ले यांचे. ते १ ऑक्टोबर १८८० रोजी बर्मिंगहॅम येथील मेसन सायन्स कॉलेजाच्या उद्घाटनप्रसंगी झाले. दुसरे मॅथ्यू आर्नल्ड यांनी त्याला उत्तर म्हणून १८८२ मध्ये केंब्रिज येथे दिले. आमच्या महाविद्यालयांतून ही दोन्ही समोरासमोर ठेवून शिकविण्याचा प्रघात आहे. विज्ञान व वाङ्मय यांची कुस्ती लागली आहे अशी कल्पना करून विद्यार्थ्यांस विचारावयाचे की, पाठ कोणाची लागली? अशा प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शिकेतून पाठ करता येते, एवढाच त्याचा गुण होय. वस्तुतः हक्स्ले यांनी शिक्षणात विज्ञानासाठी जी जागा मागितली, तिला त्यांनी एक अट जोडली होती. पुढे जागा मिळाली आणि अट मात्र गळाली. या अटीकडे आमच्या टीकाकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

सर जोसाया मेसन हे पोलादी निबांचे मोठे कारखानदार. आपल्या देणगीतून निघालेल्या संस्थेत निव्वळ वाङ्मयीन शिक्षणाला थारा असू नये, असा निर्बंध त्यांनी घातला होता. ज्यांच्या निबांनी इंग्लंडातील अर्ध्या कादंबऱ्या उतरल्या असतील, त्यांनीच वाङ्मयाला दाराबाहेर उभे करावे, हा योगायोग गंमतीचा खरा! हक्स्ले यांनी या निर्बंधाचे समर्थन केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, खरी संस्कृती अंगी बाणण्यास ग्रीक व लॅटिन यांवाचून गत्यंतर नाही हा समज खोटा असून, केवळ विज्ञानाचे शिक्षण त्या कामी केवळ वाङ्मयाच्या शिक्षणाइतके तरी उपयोगी पडते. मात्र निव्वळ वैज्ञानिक शिक्षणानेही मनाला एकांगी वळण लागते, हे त्याच व्याख्यानात ते मान्य करतात, आणि आमच्या वर्गांत नेमकी हीच कबुली वगळली जाते. हक्स्ले यांचे गद्य स्वच्छ, लढाऊ व प्रसंगी तिखट आहे. असे गद्य ज्याला लिहिता येते त्याने वाङ्मय किती आत्मसात केले असले पाहिजे, हे त्यांच्या कैवाऱ्यांनी ध्यानात घेतले असते तर बरे झाले असते.

आर्नल्ड यांचे उत्तर अधिक सफाईदार आहे. परंतु आमच्या मते ते अधिक निसरडेही आहे. वाङ्मय या शब्दात युक्लिड व न्यूटन यांचाही समावेश होतो, असे म्हणून ते प्रथम प्रतिपक्षाची हत्यारेच काढून घेतात. मग त्यांचा मुख्य मुद्दा येतो. सृष्टीविषयीचे नुसते निष्कर्ष मनुष्याला फार काळ पुरत नाहीत. त्या निष्कर्षांचा आपल्या आचरणाशी आणि सौंदर्यबुद्धीशी संबंध जोडण्याची भूक त्याला असते, आणि ती काव्याने शमते. डार्विन यांनी वर्णिलेल्या केसाळ, शेपटीच्या, वृक्षवासी पूर्वजाची येथे त्यांनी मोठ्या खुबीने थट्टा केली आहे. थट्टा सुरेख आहे, पण तिच्या आड एक गोष्ट दडून राहते. आर्नल्ड ज्याला विज्ञान म्हणून तोलतात ते विज्ञानाचे फलित होय, शिजून ताटात पडलेले अन्न होय. ते फलित हाती येण्याकरिता मनाला जी शिस्त लागते, तिला त्यांच्या तराजूत जागाच नाही. ज्ञानाचे साधन आणि त्याचे फळ हा भेद त्यांना कोणी सुचविला होता, असे ते स्वतः सांगतात. तथापि त्याचे वजन त्यांनी पुरते ओळखले, असे आम्हांस वाटत नाही.

हक्स्ले यांचा सारा भर या शिस्तीवर होता. १८६९ मधील शिक्षणविषयक भाषणात त्यांनी बजावले होते की, विज्ञान शिकवावयाचे तर ते प्रत्यक्ष वस्तूंनी शिकवावे. चुंबक लोखंडाला ओढतो हे मुलाला सांगून भागणार नाही. ती ओढ त्याच्या हाताला जाणवली पाहिजे. निव्वळ पुस्तकी विज्ञानाविषयी त्यांचे मत फार कडक होते. १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फिजिऑग्राफी’ या आपल्या पुस्तकाचा आरंभही ते लंडन पुलाखालून वाहणाऱ्या टेम्स नदीपासून करतात. पृथ्वीची व्याख्या, तिचा व्यास आणि तिचे परिवलन या क्रमाने चालणाऱ्या पाठ्यपुस्तकापेक्षा हा मार्ग किती निराळा! मुलाने रोज पाहिलेले पाणी येते कोठून व जाते कोठे, एवढ्या एका प्रश्नातून पाऊस, झरे, गाळ व समुद्र ही सारी ओळीने येतात.

या ठिकाणी आर्नल्ड यांचीही एक बाजू सांगितली पाहिजे. व्याख्यानपीठावरील आर्नल्ड निराळे आणि पस्तीस वर्षे सरकारी शाळा तपासीत हिंडणारे आर्नल्ड निराळे. १८६२ च्या नव्या नियमांनी प्रत्येक मुलाच्या वाचन, लेखन व गणित यांतील परीक्षेवर शाळेचे अनुदान ठरू लागले, तेव्हा त्यांनी या पद्धतीला उघड विरोध केला. मुलाला खरोखर वाचता येत नसतानाही वाचनाच्या परीक्षेत पार करण्याची युक्ती शिक्षकांना साधली आहे, असे त्यांनी पुढे अहवालात लिहिले. प्राथमिक शाळांत मुलांस सृष्टिज्ञानाचे काही पाठ मिळावेत, अशी सूचनाही याच निरीक्षकाची. मुलाच्या हाती नुसते शब्द पडतात याची खंत दोघांनाही होती. व्याख्यानपीठांवरून एकमेकांस उत्तरे देताना मात्र ती मागे पडली.

आता आमच्याकडे पाहावे. आमच्या शाळांत विज्ञान सक्तीचे आहे. महाराष्ट्रात कोणत्याही दहावीच्या मुलाची प्रयोगाची वही, म्हणजे त्याचे ‘जर्नल’, उघडावी. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे चार मथळे सुवाच्य अक्षरात आढळतील. त्यांपैकी अनुमान पुस्तकात आधीच छापलेले असते. निरीक्षण त्यावरून बेतले जाते. आणि कृती पुष्कळदा झालेलीच नसते. शेजाऱ्याची वही घेऊन एका बैठकीत वर्षाचे प्रयोग ‘पूर्ण’ करणारी मुले आम्ही आमच्या नात्यागोत्यांत पाहिली आहेत, आणि त्यांच्या आईबापांना त्यात वावगे काही वाटत नाही, हेही पाहिले आहे. डोळ्यांनी जे पाहिले नाही ते पाहिले म्हणून लिहून देणे, ही सवय मुलाला विज्ञानाच्या तासाला लागावी, यापरती विपरीत गोष्ट कोणती?

हक्स्ले यांची अट पाळण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच देशात झाला. त्याचा जितका परामर्श मराठीत घेतला जावयास हवा होता, तितका घेतला गेला नाही, असे आम्हांस वाटते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम्) जिल्ह्यात १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी सोळा शाळांत एक विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने त्याची धुरा वाहिली. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ‘बाल वैज्ञानिक’ नावाची पुस्तके तयार झाली. वाङ्मयाच्या दृष्टीने ही पुस्तके विलक्षण होत, कारण त्यांत उत्तरे दिलेली नाहीत. मुलांच्या चौघाचौघांच्या टोळ्या. त्यांनी पाने गोळा करून त्यांचे गट पाडावयाचे, नाणे पुनःपुन्हा उडवून छाप-काटा यांची नोंद ठेवावयाची, आणि पुस्तकाने विचारावे की, यावरून तुम्हांला काय दिसले? भाषा बोलीजवळची, वाक्ये आखूड, उपदेशाचा लवलेश नाही. परीक्षेला पुस्तक व वही उघडी ठेवण्याची मुभा असे आणि प्रयोगाची परीक्षा निराळी होई. पुस्तक उघडे असूनही जिचे उत्तर त्यात सापडत नाही, अशी परीक्षा आमच्या शिकवणीवर्गांना कशी मानवणार?

याच कार्यक्रमात १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्को कारखान्यातून रजा घेऊन गेलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. खर्च काही पैशांचा! साधनांअभावी प्रयोग होत नाहीत ही सबब त्या काड्यांनी बरीच लंगडी केली.

तरीही या पुस्तकांस आमचा एक आक्षेप आहे. हाताने जे करता येते तेवढ्यावरच सारा भर दिला की, विज्ञानाचा फार मोठा भाग शाळेबाहेर राहतो. अणू चिमटीत धरता येत नाही आणि जीवजातींची उत्क्रांती एका सत्रात घडवून दाखविता येत नाही. या गोष्टी सांगाव्याच लागतात, आणि चांगल्या गद्यात सांगाव्या लागतात. येथे आर्नल्ड यांचे म्हणणे खरे ठरते. ज्याने स्वतः नाणे उडवून नोंदी ठेवल्या आहेत, त्याला डार्विन यांच्या पुराव्याची जात ओळखता येईल हे खरे. पण ती ओळख करून देणारे कोणी हवे.

हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्यशासनाने बंद केला. तीस वर्षांचे काम थांबले आणि त्या शाळांत सर्वसाधारण पाठ्यपुस्तके परत आली. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, करोनाच्या साथीनंतर मुलांवरील भार हलका करण्याच्या हेतूने पुस्तकांची छाटणी केली. तीत दहावीच्या पुस्तकातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण गेले. आनुवंशिकता व उत्क्रांती या प्रकरणातील उत्क्रांती गेली आणि आनुवंशिकता तेवढी उरली. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमी यांनी २०२३ मध्ये सह्या करून निषेध नोंदविला. हे विषय अकरावी-बारावीत आहेतच, असे परिषदेचे उत्तर होते. उत्तर कागदावर बरोबर आहे. विज्ञान केवळ पाने म्हणून मोजले की कोणतीही पाने कमी करता येतात, आणि ती पुढच्या इयत्तेत भेटतील असे सांगताही येते. परंतु विज्ञान सर्वांना सक्तीचे असते ते दहावीपर्यंतच. पुढे वाणिज्य किंवा कला शाखेकडे वळलेल्या मुलाला जीवशास्त्राचे पुस्तक दिसत नाही. आर्नल्ड यांच्या श्रोत्यांना त्या केसाळ पूर्वजावर हसता तरी आले, कारण डार्विन काय म्हणतात हे त्यांच्या कानी आलेले होते. छाटलेला अभ्यासक्रम शिकून २०२३ मध्ये दहावीची पायरी उतरलेल्या आणि पुढे वाणिज्याकडे गेलेल्या मुलाच्या कानी शाळेने ते घातलेच नाही.