संप आणि बंद : कामगारकथेतील काळाचा प्रश्न

मराठीतील कामगारविषयक कथनात्म साहित्याची चर्चा बहुधा मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून (१९३३) सुरू होते आणि गिरणगावातच संपते. हे स्वाभाविक आहे. गिरणी, चाळ, खानावळ आणि युनियनची कचेरी भोंग्याच्या टप्प्यात असल्याने कादंबरीला आवश्यक असा समूह तेथे आयताच उपलब्ध होता. त्यातून मात्र एक निकष नकळत रूढ झाला : कामगारकथा म्हणजे संघटित कामगाराची कथा, आणि संप हा तिचा उत्कर्षबिंदू. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा या निकषात बसत नाही. म्हणून ती भूक आणि भीषणता यांची कथा म्हणून वाचली जाते. हे वाचन अपुरे आहे, असे येथे सुचवायचे आहे.

कथेचा नायक भीमा वारणेकाठचे गाव सोडून मुंबईच्या उपनगरात आलेला, दगडाच्या खाणीत राबणारा मजूर आहे. खाण बंद पडते. राखेत सापडलेल्या सोन्याने त्याला नवा ‘उद्योग’ सुचतो. तो स्मशाने उकरू लागतो. एका रात्री प्रेतासाठी कोल्ह्यांशी झुंज होते, त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात आणि पुढे ती कापावी लागतात. त्याच वेळी खाण पुन्हा सुरू होणार असल्याचे कळते.

या रचनेत बोटे गमावणे ही घटना निर्णायक आहे. यंत्रात हात सापडणे हा औद्योगिक श्रमाचा नेहमीचा अपघात होय. येथे तोच अपघात कारखान्याबाहेर, काम नसतानाच्या काळात घडतो. म्हणजेच बेकारी ही श्रमाची नुसती अनुपस्थिती राहत नाही. कामगाराच्या शरीरावर तीही आपली किंमत वसूल करते. संपाला मागण्या असतात, तारीख असते, पुढारी असतात, प्रतिपक्ष असतो. ‘बंद’ला यांपैकी काहीच नसते. म्हणूनच खाणमालक पात्र म्हणून येत नाही, हा कथेचा दोष नव्हे. भीमाच्या आयुष्याचा निर्णय जेथे होतो ते स्थळ त्याला दिसतच नाही, आणि निवेदनही ही मर्यादा प्रामाणिकपणे पाळते.

भीमा एकटा आहे, त्याला वर्गजाणीव नाही, असा आक्षेप घेता येईल. पण ही कथा लिहिणारा लेखक स्वतः गिरणीत राबलेला, लाल बावटा कलापथकाचा शाहीर आणि घाटकोपरच्या चिरागनगरचा रहिवासी होता. संघटनेचे बळ तो जाणत होता. तिच्या कक्षेबाहेर कोण उरते, हेही तो जाणत होता. जाणीव पात्राजवळ नसली तरी ती रचनेत असू शकते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेकांच्या आयुष्यात संपाचेच रूपांतर ‘बंद’मध्ये झाले. पुढे कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावरील कितीतरी कारखान्यांच्या जागी निवासी मनोरे आणि मॉल उभे राहिले. या काळाची कथा वाचण्यासाठी गिरणगावचा निकष पुरेसा नाही. ‘धावता धोटा’चे ऐतिहासिक महत्त्व त्याने उणावत नाही, परंतु कामगारसाहित्याचा इतिहास लिहिताना धोट्याशेजारी खाणीतला हातोडाही ठेवावा लागेल.