खुर्दा

पानिपतच्या पराभवाची वार्ता देणारें सावकारी पत्र मराठी शाळेंत शिकलेल्या बहुतेक वाचकांस ठाऊक असतें. १४ जानेवारी १७६१ रोजीं लढाई झाली. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हातीं तें पत्र भेलशाच्या बाजूस पडलें. त्याच्या सांकेतिक भाषेंत सदाशिवरावभाऊ व विश्वासराव हीं मोत्यें, नामांकित सरदार त्या मोहरा, आणि ज्यांची गणतीच लागत नाहीं ते बाकीचे सारे रुपये व खुर्दा.

हें वाक्य मीं कित्येक वर्षें वर्गांत रूपकाचा नमुना म्हणून शिकविलें. संयम, सूचकता, शोकाचें गांभीर्य, सारे गुण त्यांत काढून दाखविले. माझा एक विद्यार्थी मौद्याचा होता. कन्हान मौद्याला येते ती कामठीवरून, आणि कामठीस १८२१ पासून छावणी आहे. पलटणी त्या बाजूच्या लोकांना नवीन नाहींत. त्याचा थोरला भाऊ सैन्यांत होता. एके दिवशीं त्यानें विचारलें, "सर, खुर्दा म्हणजे आमचेच लोक ना?" मीं कांहीं तरी उत्तर दिलें. तें पुरेसें नव्हतें, हें त्याच्याइतकेंच मलाही कळलें.

पत्रलेखकास दोष देणें अन्यायाचें होईल. पत्र शत्रूच्या हातीं पडण्याचें भय होतें, आणि नाण्यांची भाषा ही त्याच्या पेढीची रोजची भाषा. परंतु संकेत योजतांना माणूस जें गृहीत धरतो, तेंच त्याच्या काळाचें खरें मत असतें. मोत्याला मोल, खुर्द्याला केवळ संख्या. आणि येथें तर तीही मोजली गेली नाहीं. आमचा 'कामास आले' हा जुना प्रयोगही पाहण्यासारखा आहे. लढाईंत जो मेला तो कामास आला. कोणाच्या, हें विचारावयास त्या शब्दांत जागा नाहीं. जे दाणावैरण वाहत, भाकऱ्या भाजीत, ते तर 'बाजारबुणगे'. हा शब्द आपण अजून शिवीसारखा वापरतों.

इंग्रजी अमलांत हा हिशेब दगडावर कोरला गेला. पहिल्या महायुद्धाच्या स्मरणार्थ महाराष्ट्रांतील कित्येक गांवीं ज्या शिळा बसविल्या, त्यांवर या गांवांतून इतके पुरुष गेले व इतके मेले, एवढाच मजकूर आढळतो. खुर्दा मोजला गेला, ही प्रगतीच म्हणावयाची. नांवें मात्र नाहींत.

फेब्रुवारी २०१७ मध्यें पंढरपूर तालुक्यांतील एका प्रचारसभेंत विधानपरिषदेचे सदस्य प्रशांत परिचारक यांनीं सैनिकांच्या पत्नींच्या शीलावर शिंतोडे उडविणारें विधान केलें. राज्यभर संताप उसळला, त्यांनीं माफी मागितली, मार्चमध्यें सभागृहानें त्यांस दीड वर्षासाठीं निलंबित केलें, आणि २०१८ सालीं मुदतीपूर्वींच तें निलंबन मागें घेतलें. संताप योग्यच होता. परंतु टीकाकाराच्या नजरेस आणखी एक गोष्ट पडते. वक्त्याचा विषय सैनिक नव्हताच. विषय होता राजकारण, आणि सैनिक आला तो केवळ दृष्टांत म्हणून. सभेला हंसविण्यासाठीं खिशांत हात घातला आणि हातीं लागला तो खुर्दा उधळला. ज्याचें घर त्या हशांत सांपडलें, तो उत्तर द्यावयास समोर नव्हता, सीमेवर होता.

शिवराळ वाक्याला निदान निलंबन तरी मिळतें. हुतात्मा-गौरवाच्या सभेंत अध्यक्ष महाराज 'आमच्या जवानांचें रक्त' असें पांच वेळां म्हणतात आणि मृताचें नांव चिठ्ठींत पाहून वाचतात, त्याला आपण टाळ्या देतों. मींही दिल्या आहेत.

पुढल्या वर्षीं त्या पत्राचा तास आला, तेव्हां रूपकाची व्याख्या मीं मागें ठेवली. फळ्यावर शब्द लिहिले: शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा, बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, मग पायदळ, गोलंदाज, खिजमतगार, भोई. मौद्याचा तो विद्यार्थी तेव्हां कॉलेज सोडून गेला होता. फळा भरला, घंटा झाली, आणि मोत्यांपर्यंत आम्ही त्या दिवशीं पोंचलों नाहीं.