वर्गातलं गाणं: लखनौचा अनुभव

लखनौच्या कैसरबागेत वाजिद अली शाहचा परीखाना आहे. नबाबी काळात तिथे निवडक गायिका-नर्तकींना तालीम मिळे. आता तिथे फी भरून प्रवेश घेतलेली सामान्य घरांतली मुलं रियाझ करतात. भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय १९२६ साली मॅरिस कॉलेज या नावानं सुरू झालं. या संस्थेची शंभर वर्षं तपासताना मराठी वाचकानं थोडं अधिक आस्थेनं पाहायला हवं, कारण तिची आखणी वाळकेश्वरात जन्मलेल्या एका वकिलाची आहे.

पं. विष्णु नारायण भातखंडे यांना घराण्याबाहेरच्या मुलापर्यंत संगीत न्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी उस्तादांकडून चिजा मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग मराठीत सिद्ध केले. १९२४ आणि १९२५ च्या लखनौ संगीत परिषदांनंतर राय उमानाथ बली आणि प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या पाठबळावर महाविद्यालय उभं राहिलं. गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचं नाव त्याला मिळालं.

पुस्तकातून गाणं येत नाही, हा आक्षेप तेव्हापासूनचा. तो खरा आहे; पण लखनौनं एकट्या पुस्तकावर भिस्त ठेवलीच नव्हती. तबला शिकवायला लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ होते, सरोदला सखावत हुसेन खाँ. १९२८ पासून प्राचार्य असलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे स्वतः भातखंडे आणि फैयाज खाँ या दोघांचे शिष्य. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचे कृष्णराव गिंडे अकराव्या वर्षी त्यांच्याकडे आले आणि त्यांच्या घरीच वाढले. एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, चिदानंद नगरकर हेही याच तालमीतले. वर्गात अभ्यासक्रम आणि घरी गुरूचा सहवास, अशी ही दुहेरी वीण होती. संस्थेचं खरं यश तिथे आहे. सरकारी कागदपत्रांत मात्र ते कुठेच मोजलं जात नाही.

सगळे विद्यार्थी ख्यालगायक झाले नाहीत, आणि ते बरंच झालं. तलत महमूद इथेच शिकले, संगीतकार रोशनही. श्रीलंकेचे सुनील शांत आणि अमरदेव इथली विद्या घेऊन मायदेशी गेले आणि त्यांनी सिंहली गीताला नवं वळण दिलं. पायाभूत शिक्षण पक्कं असेल तर विद्यार्थी त्यावर स्वतःचं काही उभारतो, याचा याहून ठळक पुरावा शोधायची गरज नाही.

१९६६ साली राज्य सरकारनं संस्था ताब्यात घेतली, २००० साली अभिमत आणि २०२२ साली राज्य विद्यापीठाचा दर्जा आला. दर्जा चढत गेला, पण देशभरच्या संगीतवर्गांत वरचढ झाली ती परीक्षा. महाराष्ट्रात हे रोज दिसतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे तालुक्याच्या गावातल्या मुलीलाही वर्ग, हार्मोनियम आणि शिक्षक मिळाले. हे ऋण मोठं आहे. त्याच वर्गात आज परीक्षेपुरते राग घोकले जातात, ठरलेल्या ताना पाठ होतात, आणि दहावीला कलेचे वाढीव गुण पदरात पडले की तंबोरा कोपऱ्यात जातो. मैफल ऐकणं कोणत्याच वेळापत्रकात बसत नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कला आणि इतर विषय यांतली भिंत पाडायला सांगतं. पण शाळेत संगीतशिक्षकच नसेल तर ती पाडणार कोण?

लखनौची दुहेरी वीण पुढे मुंबईतही आली. गिंडे शीवच्या वल्लभ संगीतालयाचे प्राचार्य झाले. गुरुगृही मिळालेलं त्यांनी तिथल्या वर्गांत वाटलं, शिष्यांना बंदिशी तोंडी दिल्या, आणि भातखंडे-रातंजनकरांच्या रचनांचा प्रचंड साठा स्मरणातून जतन केला. आजच्या वर्गांनी त्यांच्याकडून आधी एवढं घ्यावं: परीक्षेच्या यादीत नसलेली एक बंदिश दर महिन्याला शिकवावी आणि मुलांना सोबत बसवून गाणं ऐकवावं.