३४ टक्क्यांनी मागे पडलेले रेडिओलॉजिस्ट

'पांडा'चा पेपर वाचला नसेल तर आधी वाचा. 'नेचर मेडिसिन', नोव्हेंबर २०२३. काँट्रास्ट न देता काढलेल्या साध्या सीटीवरून स्वादुपिंडाची गाठ ओळखणारं हे डीप लर्निंग मॉडेल. ३,२०८ रुग्णांवर शिकवलं, १० केंद्रांतल्या ६,२३९ जणांवर तपासलं. काम भारी आहे. बहुतेक पेपर स्वतःच्या हॉस्पिटलच्या डेटावरच थांबतात.

माझी कुरकुर वेगळी आहे. रेडिओलॉजिस्टपेक्षा सेन्सिटिव्हिटी ३४.१ टक्क्यांनी जास्त, असं सारांशात म्हटलंय. पण हे रेडिओलॉजिस्टही साधाच सीटी वाचत होते! त्यावर स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान एरवी कोण करतं? ही गाठ तंतुमय, रक्तपुरवठा कमी. काँट्रास्टनंतर साधारण ४०-५० सेकंदांनी ग्रंथी उजळते, गाठ काळपट राहते, तेव्हा ती दिसते. पेपरच्या आत काँट्रास्ट सीटी वाचणाऱ्यांशीही तुलना आहे. मॉडेल तिथेही पुढेच, पण अंतर बरंच आटतं. तो तक्ता शोधून वाचा.

आता स्पेसिफिसिटी. प्रत्यक्ष वापरातल्या २०,५३० रुग्णांत ती ९९.९ टक्के, सेन्सिटिव्हिटी ९२.९. समजा हेच आकडे धरून सरसकट १ लाख लोकांचं स्क्रीनिंग केलं. अमेरिकेत वर्षाला लाखात साधारण १३ जणांना हा कॅन्सर होतो, भारतात त्याहून खूपच कमी. म्हणजे खरे सापडतील १२ आणि उगाच घाबरतील १००. हॉस्पिटलात सीटीसाठी आलेल्यांत प्रमाण जास्त असतं, तिथे हिशोब सुधारतो, हे मान्य. म्हणून हे वाटेत सापडलं तर पकडणारं साधन आहे. सगळ्यांच्या स्क्रीनिंगचं म्हणून विकू नये.

आणि सापडलं, तर पुढे? सर्जनला हवं असतं स्टेजिंग. सुपिरिअर मेसेंटरिक धमनीला गाठ १८० अंशांपर्यंत टेकली असेल तर बॉर्डरलाइन, त्याहून जास्त वेढा असेल तर लोकली अॅडव्हान्स्ड. ऑपरेशन की आधी केमो, हे त्यावर ठरतं. त्यासाठी काँट्रास्ट सीटी लागतोच. तरीही पेरिटोनियमवरचे बारीक ठिपके सुटतात, ते कधीकधी लॅपरोस्कोपीतच दिसतात. फोल्फिरिनॉक्सनंतर तर आणखी पंचाईत: धमनीभोवती उरलेलं तंतुमय ऊतक कोणतं आणि जिवंत गाठ कोणती, हे सीटीला धड सांगता येत नाही. आधी वेढलेली दिसलेली, पण ऑपरेशनमध्ये सुटी निघणारी धमनी यामुळेच आधी ओळखू येत नाही. पीएचडीसाठी विषय शोधत असाल तर इथे बघा. डेटा गोळा करणं डोकेदुखी आहे, कारण प्रत्येक स्कॅनला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जोडावा लागेल, आणि ज्यांचं ऑपरेशनच झालं नाही त्यांचा तो मिळणार नाही.