मापांची शिडी सातबाऱ्यावर का घसरते?

प्राथमिक शाळेत मेट्रिक मापांचं रूपांतर शिकवायची एक ठरलेली पद्धत आहे. फळ्यावर ओळ काढायची: किमी, हेमी, डेकामी, मी, डेसीमी, सेमी, मिमी. एक घर उजवीकडे गेलात की दहानं गुणा, डावीकडे आलात की दहानं भागा. पुढे दशांश अपूर्णांक आले की काम आणखी सोपं होतं. जितकी घरं, तितकं दशांशचिन्ह सरकवा. या पद्धतीला आपण शिडी म्हणू. आज ही शिडी तपासून बघायची आहे, आणि त्यासाठी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात शेतकऱ्याच्या घरोघरी असणारा कागद घेऊ: सातबारा.

आधी शिडीच्या बाजूनं बोलतो. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं स्वीकारली गेली आणि ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्यानं बाजारात आली. त्याआधी ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण, १६ आण्यांचा रुपया, असा प्रत्येक पायरीचा वेगळा आकडा पाठ करावा लागे. दहाच्या शिडीनं ती कटकट संपवली. लांबी, वजन, धारकता, तिन्हींना एकच नियम. एका वर्गात दोन इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींना हा नियम आवडला तर त्यात नवल नाही.

गडबड होते ती क्षेत्रफळापाशी. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमानं लिहितात. १.२३४५ म्हणजे १ हेक्टर, २३ आर, ४५ चौरस मीटर. नीट बघा, इथे एका पायरीला दोन घरं लागतात, कारण १०० चौरस मीटरचा एक आर आणि १०० आरचा एक हेक्टर. शिडी मात्र एका पायरीला एकच घर शिकवते. म्हणून तिच्यावर पक्का झालेला मुलगा १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटीमीटर असं बेधडक सांगतो. खरं उत्तर १०,००० आहे. त्यानं नियम विसरून चूक केलेली नाही, नियम जसाच्या तसा पाळूनच केली आहे.

वहीतल्या चुकीनं एक गुण जातो. सातबाऱ्यावर ०.०५०० म्हणजे ५ आर आणि ०.५००० म्हणजे ५० आर. फरक ४५ आरचा, एक एकराहून जास्त. वाटणीच्या वेळी किंवा खरेदीखत करताना हा आकडा ज्याला वाचता येत नाही, तो दुसऱ्याच्या शब्दावर सही करतो.

गंमत म्हणजे शिडीवरचा ‘हेक्टो’ हा शब्द मुलांना निव्वळ पाठांतराचा वाटतो. हेक्टोमीटर गावात कुणी बोलतच नाही. पण हेक्टर म्हणजे हेक्टो अधिक आर, शंभर आर! पाठ केलेला शब्द घरच्या कागदावर छापलेला आहे, आणि ते नातं फळ्यावर क्वचितच येतं.

यावर नेहमीचा सल्ला असा की गणित रोजच्या व्यवहाराशी जोडा. त्यामागे ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला १९८५ चा प्रसिद्ध अभ्यास असतो. बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांनी गिऱ्हाइकासमोर सुमारे ९८ टक्के हिशेब बरोबर केले; तशीच गणितं नुसत्या आकड्यांत दिली तेव्हा सुमारे ३७ टक्केच. अभ्यास मोलाचा आहे, पण त्यातून ‘बाजार वर्गात आणा, झालं’ असा अर्थ काढणं घाईचं आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी मुंबईत घरगुती उद्योगांच्या वस्तीतल्या मुलांचं मापनाचं ज्ञान अभ्यासलं. तिथे मुलांच्या कानावर कितीतरी मापं असतात. पण काम बऱ्याचदा तयार साच्यावर चालतं, त्यामुळे मापामागचं गणित झाकलेलंच राहतं.

खर्ड्यातही तसंच म्हणता येईल. घरात बोलणं एकर-गुंठ्यांत. ४० गुंठ्यांचा एकर, आणि ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, हे अनेकांना तोंडपाठ असतं. एक गुंठा साधारण १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणजे आरपेक्षा किंचित मोठा. म्हणून ‘आर म्हणजेच गुंठा’ असं धरूनही बरंच काम भागतं. पण दोन एकर दहा गुंठे रान म्हणजे ९० गुंठे, आणि कागदावर ते सुमारे ०.९१०५ होतं. घरचं ज्ञान आणि कागदावरचा आकडा यांच्यामधला पूल शाळेनंच बांधायचा आहे.

माझ्या मते त्यासाठी नवं प्रकरण नको, क्रम बदलायला हवा. आधी मैदानावर फक्कीनं दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखा. आत एक मीटरचे चौकोन आखून मुलांना ओळी मोजू द्या: दहा ओळी, प्रत्येकीत दहा. हा एक आर. असे किती चौकोन मिळून १०० मीटर बाय १०० मीटरचं रान भरेल, हे त्यांनाच काढू द्या. मग ०.०१०० लिहा आणि विचारा, दोन घरं का? याचं उत्तर मुलांकडून आलं की शिडी खुशाल शिकवा. तोवर दशांशचिन्ह जागेवरच राहिलेलं बरं.