नेम

लेकीच्या न्यू जर्सीतल्या घराच्या तळघरात भिंतीवर एक छोटा कागद चिकटवलेला आहे. त्यावर एक काळा गोल, बाकी काही नाही. संध्याकाळी जेवणाआधी माझी तेरा वर्षांची नात त्याच्यासमोर रायफल घेऊन उभी राहते, छर्रा न भरता. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलेलं, पाठ किंचित मागे झुकलेली, गाल कुंद्याला लागलेला. वीस मिनिटं हेच चालतं. मागून तिच्या आईचा हळू आवाज येतो: "श्वास सोड. थांब. आता दाब." नातीचं बाकीचं बोलणं इंग्रजीत असतं. पण घोडा, माशी आणि नेम हे तीन शब्द ती मराठीतच म्हणते, कारण आईनं ते तसेच शिकवले.

मराठी मंडळानं स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी पालघरचा म्हणून वारली चित्रांवर लिहीन असं बहुतेकांना वाटलं असेल. वारली माझ्या मनाजवळची आहेच. पण या तळघरात मी दोन महिने जे पाहिलं, तीही आमच्याकडून गेलेली कला आहे, आणि तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

आपल्या भाषेत 'नेम' हा शब्द दोन जागी राबतो. निशाणावर धरतात तो नेम, आणि माझी आई चातुर्मासात धरायची तोही नेम. 'शिस्त' या शब्दाचंही तसंच. जुन्या मराठीत शिस्त धरणं म्हणजे नेम धरणं, आणि एनसीसीच्या मैदानावर अजूनही 'शिस्त लो' म्हणतात ते त्याच अर्थानं. निशाणा आणि नियम एकाच शब्दात बांधणाऱ्यांना नेमबाजी कळली होती, असं मला मनापासून वाटतं.

लेकीनं कॉलेजच्या एनसीसीत पॉइंट टू टू रायफल पहिल्यांदा खांद्याला लावली ते साल २०००. त्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजली वेदपाठक, म्हणजे आजच्या अंजली भागवत, १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या. त्यांचीही सुरुवात एनसीसीतूनच झाली होती, आणि हे समजल्यावर आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. रविवारी पहाटे आमच्या बोईसरहून गाडी पकडायची, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जायचं आणि रात्री परत. त्या वेळी पालघर जिल्हा नव्हता. शस्त्राचं कसलंही काम निघालं की ठाण्याला जावं लागे.

पुढच्या वर्षांत महाराष्ट्रानं या खेळात जे केलं ते अभिमानानं सांगावं असं आहे. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण घेतले. चाळीस गोळ्या, चाळीसही दहात. पुढे त्यांनी पनवेलला मुलं घडवली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणलं, आणि त्याच्या पाठीशी दीपाली देशपांडे यांची शिकवण होती. आमच्या पालघरलाही यात छोटासा वाटा मिळाला. २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला, तेव्हा त्याचे वडील बाळासाहेब पाटील पालघरचे पोलीस अधीक्षक होते. ती बातमी वाचून मी लेकीला फोन केला, तिच्याकडे मध्यरात्र असताना. ती रागावली नाही. "बाबा, मी रायफल घेते आता," एवढंच म्हणाली.

घेते म्हणणं सोपं होतं. इकडे आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ ची नियमावली आहे. ४.५ मिलिमीटर व्यासाची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीचा जोर साडेसात ज्यूलच्या आसपास असतो, म्हणजे ती त्या मर्यादेच्या खूप आत येते. पॉइंट टू टूला मात्र परवाना हवाच. बोईसरचा माणूस जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो. त्याच जिल्ह्यातल्या वसई-विरारचा माणूस पोलीस आयुक्तांकडे जातो, कारण २०२० पासून तिथं आयुक्तालय आहे.

अमेरिकेत बंदुका किराणा दुकानात मिळतात असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं. न्यू जर्सीनं माझा तो समज पुसून टाकला. देशाच्या केंद्रीय कायद्यात एअर रायफल हे अग्निशस्त्र नाही, पण या राज्याच्या कायद्यात आहे. स्प्रिंगनं, वायूनं किंवा दाबलेल्या हवेनं छर्रा फेकणारी साधी रायफलही तिथं 'फायरआर्म' ठरते. ती विकत घ्यायला पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं. बोटांचे ठसे, दोघांचे हवाले, मानसिक आरोग्याच्या नोंदी पाहण्याची संमती, आणि २०२२ पासून सुरक्षेचं प्रशिक्षणही. अठरा वर्षांखालच्या मुलाला ती घेता येत नाही. आईवडिलांच्या किंवा ओळखपत्र असलेल्या माणसाच्या नजरेखाली, नाहीतर मान्यताप्राप्त रेंजवर जाणत्या देखरेखीखालीच ती हाताळायची. नेताना रिकामी, बंद पेटीत. हडसन ओलांडून न्यूयॉर्क शहरात गेलं की नियम पुन्हा बदलतात. म्हणून स्पर्धेला निघण्याआधी लेक नकाशाबरोबर कायदाही वाचते.

मला यात जाच दिसला नाही. मी तीस वर्षं तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. प्रेशर गेजवर तपासणीची तारीख नसेल तर ते गेज लाइनवर चढत नसे, मग ते कितीही अचूक असो. ज्या वस्तूत दाब कोंडलेला आहे तिची नोंद असलीच पाहिजे.

लेकीच्या हाती ओळखपत्र आल्यावर निवड सुरू झाली, आणि तिथं मला बोलता आलं. मुलांच्या स्पर्धांत तिथं दोन वर्ग आहेत. स्पोर्टर वर्गात साधी, स्वस्त रायफल चालते. घोड्याचा ताण किमान दीड पौंड, म्हणजे सुमारे ६८० ग्रॅम, असलाच पाहिजे आणि तो वजन लटकवून तपासतात. प्रिसिजन वर्गात फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, अनशुट्झ अशा जर्मन कंपन्यांच्या रायफली येतात. तिथं घोडा इतका हलका करता येतो की बोटाला तो जेमतेम जाणवतो. दुर्बीण कुठेच नाही. नळीच्या टोकावरच्या माशीत एक कडी असते, तिच्यात काळा गोल धरायचा आणि भोवतीची पांढरी फट सगळीकडून सारखी ठेवायची. दहा मीटरवरच्या त्या गोलात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसालाच अर्धा मिलिमीटर म्हणजे किती ते दिसतं.

दुकानदारानं एक जुनी प्रिसिजन रायफल समोर ठेवली. सगळे तिची नळी बघत होते. मी हवेचं सिलिंडर उलटं केलं आणि तारीख वाचली. या सिलिंडरांना साधारण दहा वर्षांची मुदत असते, आणि याची केव्हाच संपली होती. आत दोनशे बार कोंडायचे, मुदत संपलेल्या भांड्यात? मी नको म्हणालो. दुकानदार भला होता, त्यानं नवं सिलिंडर जोडून द्यायची तयारी दाखवली. मग रेग्युलेटर पाहिला. छर्र्यामागे दर वेळी तेवढाच दाब सोडणं हे त्याचं काम. तो चुकला तर हात कितीही स्थिर असला तरी उपयोग नाही.

वजनावर माझं आणि लेकीचं जुंपलं. नियमात साडेपाच किलोपर्यंत चालतं आणि जड रायफल कमी हलते, म्हणून तिला जड हवी होती. मी नातीला उचलायला लावली. सहाव्या मिनिटाला पोरीचा डावा खांदा वर चढला. साठ गोळ्यांच्या सामन्याला सव्वा तास लागतो! शेवटी कुंदा आखूड करता येणारी, हलकी रायफल ठरली. बट प्लेट, गालाची पट्टी, मुठीचा कोन, सगळं स्क्रूवर सरकणारं. मुलगी वाढेल तशी रायफलही वाढवता येईल. कागदोपत्री ती आईच्या नावावर आहे, आणि पेटीची किल्लीही आईच्याच गळ्यातल्या साखळीत असते.

शनिवारी क्लबच्या रेंजवर मराठी शाळेतल्या आणखी तीन मुली येतात. लेक त्यांना शिकवते, पैसे न घेता. पहिला महिना तिनं एकीलाही छर्रा दिला नाही, फक्त उभं राहायला शिकवलं. वरळीला तिला असंच शिकवलं होतं. गोळी सुटल्यावरही गाल उचलायचा नाही, नजर तिथंच ठेवायची, हे सांगताना ती जी थाप मुलीच्या पाठीवर हळूच मारते, ती थाप मी पंचवीस वर्षांपूर्वी रेंजच्या बाकावर बसून तिच्या पाठीवर पडताना पाहिली आहे.

आता मी बोईसरला परतलो आहे. रायफलीवरच्या प्रत्येक स्क्रूचा आकडा नात एका वहीत लिहिते, आणि तशीच एक वही मी इकडे ठेवली आहे. परवा सकाळी चहा घेत होतो तेव्हा तिचा फोन आला. तिच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. "आजोबा, बट प्लेट दोन रेघा मागे घेतली. आई म्हणते मी उंच झाले." मी चष्मा लावला, वही उघडली आणि तारीख घातली.